कोलेजनचा पहिला डबा: घ्यायचा का, आणि घेतलाच तर कसा

‘ताई, ती चेहऱ्यावर ग्लो आणणारी पावडर आहे का हो तुमच्याकडे?’ आमच्या औषधांच्या दुकानात हा प्रश्न आता रोजचा झालाय. कॉलेजातल्या मुली विचारतात, पाळी जायच्या वयातल्या बायका विचारतात. परवा एक आजोबा नातवाने पाठवलेला फोटो मोबाइलवर दाखवत म्हणाले, ‘हे गुडघ्याला चालतं म्हणे.’ ही पावडर म्हणजे कोलेजन, त्वचा आणि सांधे घडवणारं एक प्रथिन. मी ते विकते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण डबा हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला जे विचारते आणि सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. काउंटरवर मागे रांग असते, तिथे एवढं बोलता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. काही जणांना थोडा फायदा होतो असं दिसतं. जाहिरातीत दाखवतात तेवढा कुणालाच होत नाही. तुम्हाला होतो का, हे बघायचं असेल तर एक कारण ठरवा, एक मात्रा ठरवा, बारा आठवडे घ्या आणि वहीत नोंद ठेवा. मग निर्णय घ्या. ‘चांगलं असतं म्हणतात’ म्हणून महिन्याच्या किराण्याच्या यादीत घालायची ही वस्तू नाही.

पायरी १: कशासाठी हवंय, ते एका ओळीत लिहा

‘त्वचा, केस, नखं, गुडघे, हाडं, पोट’ असं सगळं डब्यावर लिहिलेलं असतं. तुम्ही त्यातलं एकच निवडा. ‘जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो’ हे कारण झालं. ‘गालाची त्वचा कोरडी पडते’ हेही चालेल. ‘फ्रेश वाटायला हवं’ हे चालणार नाही, कारण तीन महिन्यांनी ते मोजणार कसं?

कारण केसगळती असेल तर इथेच थांबा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या आधी करून घ्या. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांतल्या बायकांमध्ये, लोह किंवा बी-१२ कमी असणं फार नेहमीचं आहे. ते कमी असेल तर कोलेजनचे चार डबे संपवूनही केस गळायचे थांबणार नाहीत. मी स्वतः अशा गिऱ्हाइकांना डबा न देता लॅबचा रस्ता दाखवते. त्यातले काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात, तो भाग वेगळा.

गुडघा सुजलेला आणि गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखत असेल किंवा सोबत ताप असेल, तर तो आधी डॉक्टरांना दाखवा.

पायरी २: पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते समजून घ्या

आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ३० टक्के कोलेजन असतं. त्वचा, हाडं, कूर्चा (सांध्यांतलं मऊ हाड), स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे ते आहे. त्याची रचना तीन पेडांच्या पिळलेल्या दोरासारखी असते. हा तीन पेडांचा पीळ जगाला दाखवून दिला तो मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी, १९५४-५५ साली. परदेशी डब्यांवर चकचकीत पीळ छापलेला दिसला की मला दर वेळी हे आठवतं.

हा दोर नुसता पिळून भागत नाही, त्याचे पेड एकमेकांना घट्ट धरायला हवेत. त्यासाठी शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही तर नवा दोर कच्चा निघतो, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने लिंबू-संत्री देऊन खलाशी बरे केले. आपल्याकडे त्या जागी आवळा आणि पेरू आहेत.

आता डब्यातलं कोलेजन. पूर्ण आकाराचं कोलेजन फार मोठं असतं. कारखान्यात विकरं (एन्झाइम) वापरून त्याचे बारीक तुकडे करतात, त्यांना कोलेजन पेप्टाइड्स किंवा हायड्रोलाइज्ड कोलेजन म्हणतात. हे तुकडे पोटात आणखी पचतात. बहुतेकांची अमिनो आम्लं (प्रथिनांचे सुटे घटक) होतात, म्हणजे डाळीच्या किंवा अंड्याच्या प्रथिनांचं होतं तेच. मात्र दोन-तीन अमिनो आम्लांचे काही चिमुकले तुकडे न मोडता रक्तात पोचतात, हे जपानी संशोधकांनी रक्त तपासून दाखवलंय. हे तुकडे त्वचेतल्या आणि कूर्चेतल्या पेशींना ‘इथे मोडतोड झालीय, नवं बनवा’ असा इशारा देत असावेत, अशी कल्पना आहे. म्हणजे ‘कोलेजन खाल्लं की थेट गालावर जाऊन बसतं’ हेही खोटं आणि ‘सगळं पचून संपतं, काहीच उरत नाही’ हेही पूर्ण खरं नाही.

आणि कोलेजनचं क्रीम? त्यातला कण त्वचेच्या आत शिरायला फार मोठा असतो. वरवर ओलावा धरून ठेवतं, चांगल्या मॉइश्चरायझरसारखं. त्याहून जास्त पैसे त्याला देऊ नका.

पायरी ३: तुमच्या कारणासाठी पुरावा किती आहे, ते पाहा

त्वचेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त विक्री तिच्यासाठीच होते. २०२३ साली २६ चाचण्या आणि १,७२१ माणसं एकत्र धरून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हायड्रोलाइज्ड कोलेजन घेणाऱ्यांच्या त्वचेतला ओलावा आणि लवचिकपणा वाढलेला दिसला. जाहिरातवाले हाच आढावा दाखवतात. पण २०२५ साली एका अमेरिकन वैद्यकीय मासिकात दुसरा आढावा आला, २३ चाचण्यांचा. त्यांनी एक साधी गोष्ट केली: कुणाच्या पैशाने चाचणी झाली, त्याप्रमाणे दोन गट पाडले. कंपन्यांच्या पैशाने झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला, बाकीच्यांत दिसला नाही. चांगल्या दर्जाच्या चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तरी फायदा दिसेना.

मग कोलेजन फसवणूक आहे का? मी तसं म्हणणार नाही. दुकानदार म्हणून मला एवढं मात्र कळतं की माल विकणाऱ्यानेच तराजू धरला असेल तर वजन स्वतः पुन्हा करून बघावं. खाली वहीचा आग्रह धरला आहे तो म्हणूनच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही सांध्यांविषयीचा दावा २०११ साली आणि एका विशिष्ट कोलेजनचा त्वचेच्या लवचिकपणाविषयीचा दावा २०१३ साली पुरेसा सिद्ध झालेला नाही म्हणून नाकारला होता.

गुडघ्यांच्या बाबतीत चित्र थोडं बरं आहे, पण तिथेही फार मोठा फरक अपेक्षू नका. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००८ साली सांधे दुखणाऱ्या खेळाडूंना रोज १० ग्रॅम असं २४ आठवडे दिलं, तेव्हा काही हालचालींतलं दुखणं कमी झालं. सांध्यांसाठी आणखी एक प्रकार मिळतो: ‘अनडिनेचर्ड टाइप टू’, म्हणजे कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून काढलेलं, न मोडलेलं कोलेजन. त्याची मात्रा फक्त ४० मिलिग्रॅम. ते शरीराला कच्चा माल पुरवत नाही. आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींना कूर्चेची ओळख करून देऊन सूज शांत करतं, असं त्यामागचं गणित आहे. त्याच्या १८० दिवसांच्या एका चाचणीत ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठी नेहमी विकल्या जाणाऱ्या जोडीपेक्षा बरा परिणाम दिसला, पण तीही उत्पादकाच्याच पैशाने झालेली होती.

हाडांसाठी २०१८ सालचा एक अभ्यास आहे. पाळी गेलेल्या, हाडं विरळ होऊ लागलेल्या १३१ बायका, रोज ५ ग्रॅम, पूर्ण वर्षभर. कणा आणि मांडीच्या हाडाच्या मानेशी घनता थोडी वाढली. हाडं मोडायचं प्रमाण कमी होतं का, हे त्यात तपासलेलं नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा हाडांच्या गोळ्या बंद करून कोलेजन सुरू करणं म्हणजे छत्री विकून रेनकोटचं बटण घेणं.

नखांसाठी एक लहानसा अभ्यास आहे, २५ जणांचा. त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. पोटासाठी म्हणून जे सांगतात त्याला सांगण्यासारखा आधार नाही. आणि जिमवाल्यांनो, स्नायू वाढवायला हे चुकीचं प्रथिन आहे. यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल शून्य असतं आणि ल्युसिनही फार कमी. व्हे, अंडी, पनीर, सोयाबीन, काहीही याच्यापेक्षा बरं.

पायरी ४: आधी ताट, मग डबा

शरीर कोलेजन स्वतःच बनवतं. त्याला लागतात पुरेशी प्रथिनं आणि क जीवनसत्त्व. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. आता आपलं ताट मोजा. एक पोळी सुमारे ३ ग्रॅम, वाटीभर पातळ आमटी ५ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर मटकीची उसळ ७-८, एक अंडं ६, मोठा कप दूध ८. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या नि बटाट्याची भाजी, रात्री खिचडी असं खाणाऱ्या बाईचे तीस ग्रॅमसुद्धा होत नाहीत. तिने ५ ग्रॅम कोलेजन घेऊन काय साधणार? गवंड्याला विटा नाहीत आणि आपण त्याला नकाशा देतोय.

तेव्हा आधी दोन आठवडे आमटी घट्ट करा, रोज एक उसळ किंवा अंडी ठेवा, सोयाबीन वड्या आवडत असतील तर उत्तम, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं आहेत. क जीवनसत्त्वाची रोजची गरज बायकांना ६५ आणि पुरुषांना ८० मिलिग्रॅम. एका मध्यम पेरूत ती दोनदा भागते. आवळा तर आहेच. क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घेण्याची गरज मला तरी दिसत नाही.

त्वचेसाठी मागणाऱ्यांना मी अजून एक गोष्ट विचारते: सनस्क्रीन लावता का? उन्हामुळे त्वचेतलं कोलेजन तुटतं, सिगारेटमुळेही तुटतं. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेली एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, वाटेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. कुठल्याही कोलेजनच्या डब्यामागे इतका लांब पल्ल्याचा पुरावा मी पाहिलेला नाही. स्कूटीवरून भर दुपारी ऑफिसला जाणाऱ्या मुलींनी, तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्यांनीसुद्धा, पहिले पैसे सनस्क्रीनवर घालवावेत.

वयाचं म्हणाल तर विशी-पंचविशीनंतर त्वचेतलं कोलेजन दरवर्षी साधारण एक टक्का कमी होत जातं. पाळी गेल्यावर ते एकदम घसरतं, पहिल्या पाच वर्षांत ३० टक्क्यांपर्यंत. म्हणून पन्नाशीच्या बाईने हा प्रयोग करून बघण्यात काही अर्थ आहे. बावीस वर्षांच्या मुलीने कशाला?

पायरी ५: तुम्ही ते घेऊ शकता का?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मुतखडा होऊन गेला असेल तरीही विचारा: कोलेजनमधल्या हायड्रॉक्सिप्रोलिन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीरात ऑक्झलेट बनतं, आणि बहुतेक खडे ऑक्झलेटचेच असतात. त्यात डब्यात हजार मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घातलेलं असलं तर आणखी भर, कारण त्याचंही काही प्रमाणात ऑक्झलेट होतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळा. मासे किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर कोलेजन कशापासून काढलंय ते वाचल्याशिवाय तोंडात घालू नका.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफेरिन किंवा अॅसेनोकुमारोल, चालू असतील तर ‘जॉइंट फॉर्म्युला’वाले मिश्र डबे नकोच. त्यात ग्लुकोसामाइन, हळदीचा अर्क असं बरंच काही असतं, त्याने रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

आणि एक गोष्ट, जी डब्यावर बहुधा सापडणार नाही. त्वचा-केसांच्या कोलेजनमध्ये सर्रास बायोटिन (ब वर्गातलं एक जीवनसत्त्व) घातलेलं असतं, कधी कधी रोजच्या गरजेच्या शंभर पटींहून जास्त. रक्तात एवढं बायोटिन असलं की थायरॉइडच्या काही चाचण्या चुकीच्या येतात. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची चाचणीसुद्धा चुकू शकते, खरा झटका असताना आकडा कमी दाखवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच याबद्दल इशारा दिलेला आहे. असा डबा चालू असेल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला सांगा, किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. थायरॉइडचा अहवाल अचानक बिघडला म्हणून गोळीचा डोस बदलायला आलेल्या बाईला मी आता आधी हेच विचारते, ‘केसांसाठी काही चालू आहे का?’

पायरी ६: शाकाहारी आहे का?

आमच्या घरी नणंदेने दुबईहून डबा आणला, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून पहिला प्रश्न हाच विचारला. वन्संनी उत्साहाने सांगितलं, ‘अगं आई, मरीन आहे, समुद्रातलं!’ सासूबाईंना वाटलं शेवाळ असेल. ती माशांची कातडी आणि खवले होते.

सरळ सांगायचं तर कोलेजन फक्त प्राण्यांत असतं. वनस्पतींत नसतंच. डब्यावर ‘मरीन’ म्हणजे मासा, ‘बोव्हाइन’ म्हणजे गाय-बैल वर्गातलं जनावर, ‘पोर्साइन’ म्हणजे डुक्कर, ‘चिकन’ म्हणजे कोंबडी. नुसतंच ‘कोलेजन पेप्टाइड्स’ लिहिलं असेल आणि प्राण्याचं नाव कुठेच नसेल, तर ज्या घरात हे महत्त्वाचं आहे त्या घराने तो डबा घेऊ नये. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावर मांसाहारी खूण असते: पूर्वी तपकिरी ठिपका होता, आता चौकटीत तपकिरी त्रिकोण. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या डब्यावर ही खूण नसेल, तिथे बारीक अक्षरंच वाचावी लागतात.

मग हिरव्या ठिपक्याचं ‘व्हेगन कोलेजन’ काय असतं? त्यात कोलेजन नसतं. अमिनो आम्लं, क जीवनसत्त्व, आवळ्याचा अर्क, बायोटिन असं काहीबाही असतं, आणि मागे कुठेतरी ‘बिल्डर’, म्हणजे कोलेजन बनवायला मदत करणारं, हा शब्द असतो. वरच्या चाचण्यांतला एकही आकडा त्याला लागू होत नाही. शाकाहारी माणसाने त्यापेक्षा पेरू, उसळ आणि सनस्क्रीनवर समाधान मानावं.

डिंकाच्या लाडवांबद्दलही हमखास विचारतात. डिंक झाडाचा, त्यात कोलेजन नाही. लाडू चांगलाच आहे, त्यात खारीक, खोबरं, तूप, अळीव आहेत. तो लाडू म्हणून खावा.

मांसाहारी घरांत मात्र जुना उपाय आहेच: पायाचं सूप. बकऱ्याचे पाये भाजून, खरवडून स्वच्छ करायचे, आलं-लसूण, हळद, मिरी घालून कुकरमध्ये मंद आचेवर तासभर. सूप फ्रीजमध्ये ठेवलं की थिजून लदलदतं. ते थिजणारं म्हणजे जिलेटिन, म्हणजेच शिजून उलगडलेलं कोलेजन. कोल्हापूरकडे मटणाचं अळणी पितात त्यातही ते थोडंफार उतरतं. यात किती ग्रॅम मिळतं हे घरी मोजता येत नाही, म्हणून बारा आठवड्यांच्या प्रयोगाला ते उपयोगाचं नाही. रक्तदाबवाल्यांनी मीठ आणि वरची चरबी सांभाळावी. बाकी चवीला कुठल्याही पावडरीपेक्षा लाख पटीने सरस.

पायरी ७: डबा उलटा करून वाचा

समोरचा फोटो सोडा, मागची बाजू बघा. पहिलं, चौदा आकडी एफएसएसएआय (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवर तो टाकून कंपनी खरी आहे का ते बघता येतं. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी इंग्रजी ओळही असायलाच हवी. ती असताना समोर ‘संधिवात बरा करतो’ लिहिलं असेल, तर तो डबा जागेवर ठेवून द्या.

दुसरं, एका मात्रेत निव्वळ कोलेजन किती ग्रॅम. चाचण्यांत २.५ ते १५ ग्रॅम वापरलेलं आहे: त्वचेसाठी २.५ ते ५, हाडांसाठी ५, सांध्यांसाठी १०. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड (कंपनीचं स्वतःचं मिश्रण) ८ ग्रॅम’ असं मोघम लिहिलेलं असेल तर त्यात कोलेजन किती नि संत्र्याचा स्वाद किती, देव जाणे. टाइप वन, टाइप थ्री वगैरे कोलेजनच्या प्रकारांवर फार डोकं लढवू नका. एकदा बारीक तुकडे केल्यावर त्या नावांना फारसा अर्थ उरत नाही. अपवाद तो ४० मिलिग्रॅमवाल्या टाइप टूचा.

तिसरं, साखर. मधुमेह्यांनी तर नक्कीच बघावी. गमीजमध्ये, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांत, ती हमखास असते.

चौथं, दर ग्रॅमचा भाव. हे गणित कुणी करत नाही. समजा १,५०० रुपयांचा, २५० ग्रॅमचा डबा आहे आणि १० ग्रॅमच्या स्कूपमध्ये ८ ग्रॅम कोलेजन आहे. म्हणजे डब्यात २०० ग्रॅम कोलेजन, ग्रॅमला साडेसात रुपये. रोज ५ ग्रॅम घेतलं तर ३७ रुपये ५० पैसे, बारा आठवड्यांचे ३,१५० रुपये. शेजारी ९०० रुपयांची गमीजची बाटली आहे, ३० गोळ्या, प्रत्येकीत अर्धा ग्रॅम. म्हणजे बाटलीत १५ ग्रॅम, ग्रॅमला साठ रुपये! स्वस्त दिसणारी बाटली आठपट महाग पडली. कॅप्सूलचंही तसंच, ५ ग्रॅम व्हायला रोज दहा-दहा गिळाव्या लागतात.

साधी, बिनस्वादाची, एकच घटक असलेली पावडर घ्या. जड धातूंची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतलेली असेल तर उत्तम, माशापासूनच्या कोलेजनला तर ती विचाराच.

पायरी ८: घ्यायचं कसं

पहिला आठवडा अर्धी मात्रा. पोट जड वाटतं का, गॅस होतो का, ढेकरांना वास येतो का ते कळतं. मग पूर्ण मात्रा.

आधी पेल्यात पाणी, मग वरून पावडर, आणि लगेच ढवळा. उलटं केलंत तर तळाशी गोळे बसतात. पेप्टाइड्स चहा-कॉफीत घातली तरी बिघडत नाहीत, माशाचा वास लपवायला कॉफी बरी. पण पावडरीत क जीवनसत्त्व असेल तर उकळत्या चहात घालू नका, आणि न मोडलेलं टाइप टू तर गरम कशातच नको. सकाळी की रात्री, उपाशीपोटी की जेवून, याने काही फरक पडत नाही. जी वेळ विसरणार नाही ती धरा.

फिजिओथेरपीचे व्यायाम चालू असतील तर मात्र व्यायामाच्या तासभर आधी घ्या. २०१७ साली आठ तरुणांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात क जीवनसत्त्वासह १५ ग्रॅम जिलेटिन घेऊन तासाभराने दोरीच्या उड्या मारल्यावर रक्तातली कोलेजन बनण्याची खूण वाढलेली दिसली. आठ जणांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, पण वेळ बदलायला पैसे पडत नाहीत.

पायरी ९: वही

त्वचेसाठी घेत असाल तर पहिल्या दिवशी, चेहरा धुऊन, क्रीम न लावता, ठरावीक खिडकीपाशी ठरावीक वेळी फोटो काढा. दर चार आठवड्यांनी तसाच. मध्ये नवं सीरम, नवं फेशियल, काही नको. गुडघ्यासाठी दर रविवारी एक आकडा: जिना उतरताना दुखणं शून्य ते दहामध्ये किती. आणि किती मजले सलग चढलात, दुखण्याची गोळी आठवड्यात किती वेळा घेतली.

ऋतूकडे लक्ष असू द्या. जानेवारीत त्वचा कोरडी पडलेली असताना सुरू केलंत तर एप्रिलपर्यंत ती आपोआपच मऊ होणार, घामच एवढा येतो. मग श्रेय डब्याला जातं. उलट पावसाळ्याच्या शेवटी सुरू करणाऱ्याला थंडीत वाटतं काहीच उपयोग नाही. गुडघ्यांचंही तसंच, बऱ्याच जणांना थंडीत जास्त दुखतात.

एक मावशी, माझ्या जुन्या गिऱ्हाईक, तीन महिन्यांनी वही घेऊन आल्या. गुडघ्याचा आकडा सहावरून चारावर आलेला. खूश होत्या. पुढची पानं चाळली तर पाचव्या आठवड्यापासून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केल्याची नोंद. ‘मग आता हे कशाचं म्हणायचं गं?’ असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, डबा बंद करा, व्यायाम चालू ठेवा, आणि सहा आठवडे तोच आकडा लिहा.

तुम्हीही बारा आठवड्यांनी तसंच करा. कोलेजन हळूहळू कमी करत आणायची गरज नसते, एकदम थांबवलं तरी चालतं. थांबल्यावर आकडा पुन्हा चढला तर दुसरा डबा घ्यायला कारण आहे. तसाच राहिला तर उरलेली पावडर एक्सपायरीच्या आत कुणाला तरी देऊन टाका. तेवढ्यात त्यात ओला चमचा घालू नका, पावसाळ्यात तिचा दगड होतो.